ठाण्याहून कास पठार एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण संपत आला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर कासचे मेसेज सुरू होतात, कधी जायचं, गाडी की बस, आईला नेऊ का, बुकिंग कुठे, आणि दरवर्षी तीच उत्तरं मी वेगवेगळ्या लोकांना टाईप करत असते. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतेय. हे ठाणे आणि नवी मुंबईवाल्यांसाठी आहे, पुण्याहून जाणाऱ्यांचं वेळेचं गणित वेगळं असतं.

कास म्हणजे बाग आहे का? फुलांचं प्रदर्शन असतं का?

बाग नाही आणि प्रदर्शन पण नाही. तिथलं एकही फूल कुणी लावलेलं नाहीये. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास उंचीवर जांभ्या खडकाचं सपाट पठार आहे आणि त्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठ्या झाडांना मूळ धरायला जागाच मिळत नाही. पावसाळ्यात पाणी खाली झिरपत नाही, वरच साचून राहतं, आणि ऑक्टोबरनंतर तेच पठार कोरडंठाक पडतं. म्हणजे इथल्या छोट्या झाडांकडे हातात तीन-चार महिने, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. सगळी एकदम घाई करतात म्हणून आपल्याला तो हंगाम दिसतो.

साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलणाऱ्या वनस्पती तिथे नोंदल्या गेल्यात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. हंगामाची व्यवस्था वनखातं आणि आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती मिळून बघतात. गेटवर, पार्किंगला, पठारावर जी मुलं-मुली उभी असतात ती त्याच गावांमधली आहेत, त्यांनी "इकडे जाऊ नका" सांगितलं तर ऐकायचं, ते पठार त्यांचं घर आहे.

ठाण्याहून एका दिवसात खरंच होतं का?

होतं, पण दिवस लांबलचक असतो हे घरच्या सगळ्यांना आधी स्पष्ट सांगा. एका बाजूचं अंतर २७० किलोमीटरच्या आसपास पडतं आणि चहाचा एक ब्रेक धरून साडेपाच ते सहा तास लागतात. म्हणजे जाऊन येऊन बारा तास प्रवास. तेवढ्यासाठी पठारावर एक तास घालवून परत फिरायचं असेल तर खरं सांगते, जाऊ नका. कमीत कमी तीन तास, जमल्यास चार तास पठारासाठी ठेवा आणि त्या दिवसात दुसरं काही घुसवू नका.

लोक दोन पद्धतींनी जातात. एक म्हणजे ग्रुपची बस, रात्री दहा-अकराला तीन हात नाका किंवा माजिवड्याहून निघते, मग ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर असे पिकअप घेत कळंबोलीवरून एक्सप्रेसवेला लागते, पहाटे साताऱ्यात पोचते, तिथे फ्रेश होऊन नाश्ता करून वर. दुसरी म्हणजे स्वतःची गाडी, पहाटे तीनला निघायचं. मला दुसरी पद्धत जास्त आवडते कारण रात्रभर बसमध्ये अवघडून झोपलेला माणूस सकाळी फुलांकडे नीट बघू शकत नाही. पण गाडी चालवणारे दोघं असतील तरच. एकाच माणसाने एका दिवसात साडेपाचशे किलोमीटर चालवायचं आणि परतीला संध्याकाळी एक्सप्रेसवेवर डोळे ताणायचे, हे करू नका प्लीज, ड्रायव्हर सांगा किंवा साताऱ्यात एक रात्र राहा.

रस्ता कुठला घ्यायचा?

घोडबंदर-माजिवडा भागातून कळवा, विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, तुर्भे आणि मग कळंबोली. मुंब्रा बायपास आणि शिळफाट्यावरून पण जाता येतं पण रात्री तिथे कंटेनर आणि ट्रेलरची रांग असते म्हणून मी ऐरोलीचाच सांगते. कळंबोलीपासून एक्सप्रेसवे, तो संपला की पुण्याचा बायपास म्हणजे वाकड, चांदणी चौक, वारजे, नवले पूल, मग कात्रजचा नवा बोगदा आणि पुढे सरळ साताऱ्याचा हायवे. तीनला निघालात तर साडेपाच-सहापर्यंत पुणे मागे पडतं, आणि हेच महत्त्वाचं आहे, कारण आठनंतर वाकड ते नवले पूल या पट्ट्यात ऑफिसचं ट्रॅफिक सुरू झालं की तासभर सहज जातो.

पुढे खेड शिवापूर टोल, खंबाटकी घाट, आनेवाडी टोल आणि सातारा. शहरातून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा. हा घाट अरुंद आहे, वळणं आहेत आणि सप्टेंबरमध्ये धुकं उतरलं की समोरचं दिसत नाही. फॉग लाईट चालतायत का ते ठाण्यातच बघा. फास्टॅगमध्ये बॅलन्स टाकून ठेवा, पेट्रोल किंवा सीएनजी साताऱ्यात भरून घ्या, वर पठाराकडे पंप मिळेल या भरवशावर राहू नका.

ट्रेन किंवा एसटीने जमेल का?

जमतं, वेळ जास्त लागतो. कोल्हापूरला जाणारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला पकडता येते, ती मध्यरात्रीनंतर उजाडायच्या बऱ्याच आधी साताऱ्याला सोडते. स्टेशन शहरापासून बाहेर माहुलीकडे आहे त्यामुळे एवढ्या पहाटे रिक्षाचं आधी ठरवलेलं बरं, बायका-मुलं असतील तर उजाडेपर्यंत स्टेशनवरच थांबा. ठाण्याहून साताऱ्याला एसटी पण आहेत. सातारा स्टँडवरून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरून जाते, आणि हंगामात जीप, टॅक्सी मिळतात. परतीचं तिकीट मात्र आधी काढलेलं हवं, संध्याकाळी साताऱ्याहून मुंबईकडच्या गाड्यांना आयत्या वेळी जागा मिळणं अवघड.

नेमकं कधी जायचं? तारीख सांगा ना.

तारीख कुणीच सांगू शकत नाही, पाऊस ठरवतो. ढोबळ सांगायचं तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पण या पाच-सहा आठवड्यांत पठार एकसारखं नसतं, दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतो. सुरुवातीला चवर, पंद अशी पांढरी फुलं जास्त, मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा येतो, त्यात गेंदाचे पांढरे ठिपके, आणि शेवटी शेवटी सोनकीचा पिवळा. म्हणजे "ऐन बहर आला का" या प्रश्नाला तसा अर्थच नाही, तुम्ही कधीही गेलात तरी कुणाचा तरी हंगाम चालू असतो. लागोपाठ दोन-तीन दिवस मुसळधार झाली की फुलं झोडपली जातात, त्यानंतर एक-दोन दिवस ऊन पडू द्या आणि मग निघा.

गणपतीचं पण बघून घ्या. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस कोकणात आणि कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्यांनी हायवे भरलेला असतो, आणि अनंत चतुर्दशीला पुण्याच्या आसपास जायचंच नाही. त्यानंतर पितृपक्षाचे पंधरा दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात, घरात कार्य नसतं, खरेदी नसते, सोसायटीतले सगळे मोकळे असतात आणि बहुतेक वर्षी हंगामही तेव्हा भरात असतो.

बुकिंग लागतं का? फी किती?

हंगामात ऑनलाईन बुकिंग असतं, कासच्या अधिकृत वेबसाईटवर, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असे वेळेचे स्लॉट असतात. दिवसाला किती लोक सोडायचे याला मर्यादा आहे, तीन हजारांची. मागच्या काही हंगामात फी माणशी १५० रुपयांच्या आसपास होती, त्या वर्षीचा आकडा बुकिंग करतानाच दिसेल. गाईड हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. गाडी गेटपर्यंत नेता येत नाही, पार्किंग अलीकडे असतं आणि तिथून छोट्या बस नेऊन सोडतात, त्या वेळेचा पण हिशोब धरा.

ठाण्याहून जाणाऱ्यांनी सकाळचाच स्लॉट घ्या. साडेसात-आठला साताऱ्यात पोचलात की नऊला पठारावर. बरीचशी फुलं ऊन वर आल्यावर नीट उमलतात आणि केना, नभाळी यांच्यासारखी काही नाजूक फुलं दुपारनंतर मिटायला लागतात, त्यामुळे नऊ ते बारा हा वेळ सोन्याचा आहे.

शनिवार-रविवारी गेलं तर चालेल का?

नियमाप्रमाणे चालतं. माझं मत विचाराल तर नको. पठारावरच्या पायवाटा अरुंद आहेत, वीकेंडला त्यावरून माणसांची रांग लागते, तुम्ही एका फुलाजवळ थांबलात की मागचा म्हणतो पुढे चला. कास बघायला जे लागतं ते म्हणजे थांबता येणं, आणि वीकेंडला तेच मिळत नाही. यवतेश्वर घाटात गाड्या अडकतात ते वेगळंच. मंगळवार-बुधवार-गुरुवार यातला एक दिवस रजा टाका. शाळेतल्या मुलांची एक दिवसाची रजा पण मी टाकायला सांगेन, विज्ञानाच्या पुस्तकातला कीटकभक्षी वनस्पतींचा धडा तिथे जमिनीवर समोर दिसतो.

तिथे काय काय बघायचं? नावं सांगा म्हणजे मुलांना दाखवता येईल.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पायाजवळ बघा. ओल्या खडकाच्या कडेला, जिथे पाणी पाझरतं तिथे, निळी-जांभळी इवलीशी फुलं दिसतील ती सीतेची आसवं. दिसायला अगदी नाजूक पण जमिनीखाली तिला बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात, ते ती पचवते. तिच्याच शेजारी लालसर छोटी पानं आणि त्यांवरच्या केसांना चमकणारे थेंब दिसले तर ते दवबिंदू. ते थेंब पाण्याचे नाहीत, चिकट आहेत, बसलेला किडा सुटत नाही. दोघींना किडे का खावे लागतात? कारण जांभ्या खडकावरच्या या मातीत नायट्रोजन फार कमी आहे, मुळांना मिळत नाही ते त्या असं मिळवतात. मुलांना हे सांगा, पुढचा अर्धा तास ती जमिनीवरून नजर काढत नाहीत.

गेंद म्हणजे बारीक दांड्यावर पांढरं गोल बोंड, एकटं बघितलं तर काहीच नाही, पण हजारोंनी आलं की पठाराला पांढरी झाक येते. तेरडा आपल्या ओळखीचा, गौरीत आणतो तो, तिथे त्याच्या रानातल्या भावंडांची गर्दी असते. त्याची पिकलेली शेंग हात लावला की फुटते आणि बी उडतं, मुलांना फार मोह होतो पण तिथे फक्त बघायचं. कवला म्हणजे पिवळं फूल आणि त्यावर दोन लाल ठिपके, म्हणून सगळे त्याला मिकी माऊस म्हणतात, गेटवरच्या पोरांना पण तेच नाव विचारा, लगेच दाखवतात.

साचलेल्या उथळ पाण्यात वायतुरा शोधा, पाण्यातून वर आलेला दांडा आणि त्याला दोन फाटे फुटून त्यावर बारीक गुलाबी-जांभळी फुलं. ही वनस्पती साताऱ्याच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे अशाच खडकाळ पठारांवर, मिळते, तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा सातारा आहे. कंदीलपुष्प दिसलं तर नशीब समजा, त्यात शिरलेला छोटा किडा आतल्या केसांमुळे थोडा वेळ अडकतो, त्याच्या अंगाला पराग लागतात आणि मग फूल त्याला सोडून देतं, मारत नाही. हे शोधायला गाईड घ्याच, आपल्याला समोर असून दिसत नाही.

गेटपासून जुन्या राजमार्गाने दीड-दोन किलोमीटर चालत गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं. पाण्यावर पसरलेली पानं आणि मधे पांढरी फुलं, पाकळ्यांना मऊ झालर. बरेच लोक गेटजवळच फोटो काढून परततात आणि हे तळं बघतच नाहीत, तुम्ही जा, वाट सपाट आहे.

आणि टोपली कारवी. तिची झुडपं गोल टोपलीच्या आकाराची असतात म्हणून ते नाव. ती दरवर्षी फुलत नाही, काही वर्षांच्या अंतराने सगळी एकदम जांभळी होते. हे समजून घ्यायला आपल्याकडे येऊरमध्येच उदाहरण आहे, तिथली कारवी दर आठ वर्षांनी फुलते, २००८, २०१६ आणि २०२४ साली येऊर आणि नॅशनल पार्कच्या टेकड्या फुलल्या होत्या, आता पुढची २०३२ ला.

फोटोत दिसतो तसा रंगांचा गालिचा दिसेल ना?

दिसू शकतो, पण त्याच्यासाठी जाऊ नका. ते फोटो जमिनीला कॅमेरा टेकवून, कोन साधून काढलेले असतात, त्यात दहा फुटांचा पट्टा सुद्धा मैलभर दिसतो. उभं राहून बघितलं तर बऱ्याचदा हिरव्या गवतात रंगाची झाक एवढंच दिसतं, आणि मग गाडीतून उतरलेली माणसं पाच मिनिटांत म्हणतात की "एवढंच?" कासची बरीच फुलं नखाएवढी आहेत, काही त्याहून लहान. तिथे गेल्यावर पायवाटेवर खाली बसा. उकिडवं बसता येत नसेल तर सोबत छोटी घडीची खुर्ची न्या. एका हातभर जागेकडे दहा मिनिटं बघत राहा, त्यात पाच-सहा वेगवेगळी फुलं, मुंग्या, एखादी माशी, सगळं दिसायला लागतं. ज्यांना मी हे आधी सांगितलं ते खूश होऊन परत आले, ज्यांना सांगायचं राहिलं त्यांना पेढे लक्षात राहिले.

आई-बाबांना, आजीला नेऊ का?

गुडघे बरे असतील तर नक्की न्या. चढ नाही, पठार सपाट आहे, पण वाट ओली आणि कुठे कुठे निसरडी असते त्यामुळे काठी आणि चांगल्या ग्रिपचे बूट हवेत, चप्पल नको. खरी परीक्षा बारा तासांच्या प्रवासाची आहे. सत्तरीच्या पुढच्यांना घेऊन जायचं असेल तर एका दिवसाचा हट्ट सोडा, आदल्या दिवशी आरामात साताऱ्यात पोचा. आमच्या आईला गावाकडची बरीच नावं माहीत होती, अमकं गुरं खातात, तमकं पोटावर देतात, आमच्या गाईडलाही त्यातलं एक-दोन नवीन होतं. जुन्या माणसांबरोबर कास बघणं वेगळंच असतं.

छत्री, रेनकोट, स्वेटर, काय न्यायचं?

छत्री पठारावर टिकत नाही, वारा उलटी करतो. रेनकोट किंवा विंडचीटर. बदलायला मोज्यांचे एक-दोन जोड, एक टॉवेल, मोबाईलसाठी प्लास्टिकची झिप पिशवी. ऊन पडलं तर तिथलं ऊन चटका देतं म्हणून टोपी पण. आणि एक भिंग, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं, हे सगळ्यात आधी बॅगेत टाका.

टॉयलेट आणि खाण्याचं काय?

बायकांकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे. गेटच्या बाजूला सोय असते पण गर्दीच्या दिवशी रांग लागते, आणि आत पठारावर काहीच नाही. साताऱ्यात नाश्त्याला थांबाल तिथेच व्यवस्थित जाऊन घ्या. खाणं पठारावर न्यायचं नाही, पाण्याची बाटली नेलीत तर तीच परत आणायची. दुपारी परतीच्या वाटेवर गावातल्या लोकांच्या छोट्या हॉटेलात पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो, तिथेच जेवा, चार पैसे त्याच गावात राहतात. साताऱ्यात उतरलात की कंदी पेढे. ते खव्याचे, खरपूस भाजलेले, आपल्याकडच्या पांढऱ्या पेढ्यांपेक्षा कमी गोड असतात.

फोटो कसे काढायचे? ड्रोन चालेल का?

ड्रोन परवानगीशिवाय नाही. मोबाईलला मॅक्रो मोड असेल तर तो वापरा, वाऱ्यामुळे फूल हलतं म्हणून एकाच फुलाचे आठ-दहा फोटो काढा, एक नीट येतो. ढगाळ दिवशी रंग जास्त चांगले येतात. फुलांच्या मधे बसून, आडवं पडून फोटो काढायचे नाहीत. तुम्ही बसता ती जागा त्या वर्षी बी धरत नाही, आणि बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे उगवायला काही नसतं, कारण यातली बहुतेक झाडं एका पावसाळ्याची आहेत. एका माणसाच्या बसण्याने काय होतंय असं वाटतं, पण दिवसाला तीन हजार माणसं येतात तिथे. याबाबतीत मी ग्रुपमधल्या कुणालाही सोडत नाही, वय कितीही असो.

मधे कुंपण होतं ना? गुरं चरतात ते चालतं का?

हो, गर्दी आवरायला मधली काही वर्षं जाळीचं कुंपण होतं, नंतर ते काढलं. गुरांचं लोकांना आश्चर्य वाटतं पण गुरं तिथे पिढ्यानपिढ्या चरत आलीत. ती उंच गवत खातात त्यामुळे छोट्या झाडांना ऊन मिळतं, आणि त्यांच्या शेणाने त्या नापीक मातीत थोडं खत पडतं. चराई पूर्ण थांबवली की गवत माजतं आणि फुलं दबतात, असं या विषयातल्या बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं, कारण फुलं आणि गुरं दोन्ही आपल्या आधीपासून तिथे आहेत.

ठोसेघर, सज्जनगड, बामणोली त्याच दिवशी होईल का?

नाही. ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड साताऱ्याच्या दुसऱ्या रस्त्याला आहेत, बामणोली कासच्या पुढे शिवसागर जलाशयावर. टूरवाले एका दिवसात तीन ठिकाणं लिहितात पण त्यात प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं मिळतात. रात्रीचा मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सज्जनगड आणि ठोसेघर छान होतं. एका दिवसात फार तर कास तलावाच्या काठावर अर्धा तास थांबा, साताऱ्याला पिण्याचं पाणी तिथून जातं म्हणून पाण्यात उतरायचं नाही.

एखादं रोप किंवा बी आणून गॅलरीत लावू का?

नको, आणि ते बेकायदा पण आहे. ते रोप ठाण्याच्या गॅलरीत जगणारच नाही. त्याला जांभा लागतो, तो वारा, ते साचलेलं पाणी आणि नंतरची कोरड लागते. गॅलरीत फुलं हवी असतील तर बागेचा तेरडा लावा, रोप साध्या नर्सरीत मिळतं आणि गौरीपर्यंत छान फुलतं.

परत कधी पोचू?

एक वाजता पठार सोडा, जेवून, पेढे घेऊन साताऱ्याहून अडीच-तीनला निघा, म्हणजे नऊ-साडेनऊला ठाणे. उशीर केलात तर संध्याकाळचं पुणे आणि मग एक्सप्रेसवेचा घाट दोन्ही अंगावर येतात. परतीला दोन जागी सांभाळा. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर लगेच उतार आणि वळण आहे. आणि कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत सरळ उतार लागतो, तिथे ट्रकचे ब्रेक लागत नाहीत असे बरेच अपघात झालेत, त्यामुळे कमी गिअरमध्ये, डावीकडून आणि ट्रकपासून अंतर ठेवून.

मला फक्त रविवार मोकळा असतो, किंवा एवढं लांब जमणार नाही. जवळ काही आहे का?

आहे ना. भंडारदरा-घाटघर-रतनवाडी भागात पावसाळा संपता संपता सोनकी आणि तेरडा भरपूर असतो, कसारा घाट, इगतपुरी, घोटी करून जायचं, कासपेक्षा बरंच जवळ आहे, पण रविवारी गर्दी तिथेही असते म्हणून पहाटे लवकर निघा. माळशेज घाटात कल्याण-मुरबाडवरून जाता येतं, सप्टेंबरच्या शेवटी तिथले उतार पिवळे होतात, गाडी मात्र घाटात वळणावर उभी करू नका. त्याहून जवळ हवं असेल तर येऊर, किंवा घोडबंदरचा नागला ब्लॉक, दोन्ही नॅशनल पार्कचाच भाग आहे, वनखात्याच्या गेटवर नोंद करून सकाळीच जायचं आणि एकट्याने जायचं नाही, बिबट्यांचं जंगल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कळलावी दिसते, लाल-पिवळी, वर वळलेल्या पाकळ्यांची, पुढे तेरडा, केना. नवी मुंबईवाल्यांना पनवेलच्या पुढे कर्नाळा आहेच. भिंग तिथेही न्या आणि पायवाटेवरच बसा, यातल्या कुठल्याही ठिकाणी फुलांचे नियम कासपेक्षा वेगळे नाहीत.